पुढच्या भागाचा दगा

सुपरहिरोंच्या चित्रपटांचे पुढचे भाग प्रेक्षकांशी दगा करतात, असे आम्ही म्हणतो तेव्हा आमचेच स्नेही हसतात. समाजापुढे शिक्षणाचे, रोजगाराचे, घर भाड्याने मिळण्याचे प्रश्न आ वासून उभे आहेत, आणि तुम्ही उडणाऱ्या माणसांवर कागद कसला काळा करता, असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण आमची मुले रात्री झोपण्यापूर्वी कोणाचे स्वप्न बघतात, कोणासारखे व्हावे असे त्यांना वाटते, आणि ती स्वप्ने विकणारे त्यांच्याशी कसे वागतात, हाही समाजाचाच प्रश्न आहे. तो आम्ही आजवर गंभीरपणे घेतला नाही, म्हणून तो क्षुल्लक ठरत नाही.

एडवण हे पालघर तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. इथल्या मुलाला मोठ्या पडद्यावर चित्रपट बघायचा तर एस.टी.ने सफाळे गाठायचे आणि तिथून गाडीने पालघर-बोईसर नाहीतर विरार. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, तेव्हापासून हा प्रवास सोपा झाला, पण फुकटचा झाला नाही. एस.टी.चे भाडे, लोकलचे तिकीट, चित्रपटाचे तिकीट, मध्यंतरातला समोसा आणि सोबत हट्ट धरून आलेला धाकटा भाऊ, असा सगळा हिशोब करून आमचा मुलगा पडद्यासमोर बसतो. तो हा खर्च कशाच्या भरवशावर करतो? पहिल्या भागाने दिलेल्या शब्दाच्या भरवशावर. पुढचा भाग फसला की लोक म्हणतात, चित्रपट वाईट निघाला. आम्ही म्हणतो, शब्द मोडला. या दोन गोष्टींत फरक आहे. वाईट चित्रपट कोणाच्याही हातून होतो. शब्द मात्र जाणूनबुजून मोडला जातो, आणि त्यात कोणाचा तरी फायदा असतो.

पुढचा भाग काढणे हेच पाप आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्या परंपरेत ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ सांगितली गेली, तिचे वारस असे कसे म्हणतील? लखनौच्या नवल किशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या दास्तानच्या ४६ जिल्दा काढल्या. अमर अय्यारच्या झंबीलमधून निघणाऱ्या चिजा जशा संपत नसत, तशी गोष्टही संपत नसे. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांची पुढची कामगिरी कधी येते, याची आमच्या वाडवडिलांच्या पिढीने वाट पाहिली. चित्रपटाचे बोलायचे तर वाडिया बंधूंची ‘हंटरवाली’ १९३५ ची आणि ‘हंटरवाली की बेटी’ १९४३ ची. दोन्हींत नादिया होती आणि दोन्ही लोकांनी उचलून धरले. म्हणजे लोकांना पुढचा भाग हवाच असतो. दास्तानगोसमोर ऐकणारा बसलेला असे. गोष्ट भरकटली की तो जांभई देई, उठून जाई. दुसऱ्या रात्री सांगणाऱ्याला गोष्ट सावरून घ्यावी लागे. आजच्या धंद्यात ही सोय उरली नाही. पहिल्या तीन दिवसांतच पैसा वसूल करायचा, हे सूत्र. प्रेक्षक तिकीट आधी काढतो आणि चित्रपट नंतर बघतो. त्याची जांभई पोचेपर्यंत गल्ला मोजून झालेला असतो.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. २००३ च्या ‘कोई मिल गया’मधला रोहित हा मंदबुद्धी म्हणून हिणवला गेलेला मुलगा होता. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या प्रत्येक पोराला तो आपला वाटला. २००६ मध्ये ‘क्रिश’ आला. त्यात सिंगापूरच्या सर्कशीला आग लागते, नायक तुटका काळा मुखवटा चढवून मुलांना वाचवतो. पण त्या चित्रपटातली खरी मोठी गोष्ट पुढे आहे. ख्रिश्चन नावाचा एक गरीब कसरतपटू बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे जमवत असतो. बक्षिसाची रक्कम त्याला मिळावी म्हणून नायक ‘क्रिश’ हे नावच त्याला देऊन टाकतो. तो पोर त्या नावापायी जिवानिशी जातो. नायकाचे नाव परदेशातल्या, परक्या धर्माच्या, परक्या चेहऱ्याच्या गरिबालाही शोभते, असे हा चित्रपट सांगून गेला. आमच्या मुलांनी पुठ्ठ्याचे मुखवटे कापले ते या शब्दावर. मुखवट्यामागे कृष्णा असेल, ख्रिश्चन असेल, तर करीमही असेल!

मग २०१३ च्या दिवाळीत ‘क्रिश ३’ आला. सुरुवातीला हा चित्रपटही तोच शब्द देतो. जो दुसऱ्याच्या मदतीला धावतो तो क्रिश, असे मुलांना सांगतो. पण पुढे कथा नेमकी उलट्या दिशेने जाते. ‘काल’ नावाचा खलनायक रोहितच्याच डीएनएपासून बनलेला निघतो. म्हणजे नायक रक्ताने नायक, खलनायकही त्याच रक्ताचा, आणि शेवटी जन्माला आलेले बाळ पाळण्यातच शक्ती दाखवते. चांगुलपणा ही करणी न राहता वारसा झाली! पराक्रम खानदानात उतरतो, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. ज्या समाजरचनेने जन्मावरून माणसाची लायकी ठरवली तिच्याशी भांडण्यात आमच्या फुले-आंबेडकरांची आणि हमीद दलवाईंची हयात गेली, आणि तीच रचना रबरी पोशाख घालून आमच्या मुलांसमोर येते. मधल्या काळात नायकाचा पुतळाही उभा राहतो, आणि त्या सोहळ्याच्या गाण्याच्या मुखड्यात गॉड, अल्ला आणि भगवान एका ओळीत येतात. आमच्या वाट्याला गाण्यातला एक शब्द आला. कथेत मात्र करीमला जागा नव्हती. चित्रपटाने त्या वर्षी भरपूर कमाई केली. कमाई झाली म्हणजे दगा झाला नाही असे होत नाही. दगा झाल्याचे कळले तेव्हा तिकीट फाडून झालेले होते, एवढाच त्याचा अर्थ.

काही जाणकार सांगतात, पैसा कमी पडला की पुढचा भाग फसतो. दाखला म्हणून १९८७ चा चौथा ‘सुपरमॅन’ दाखवतात. त्या चित्रपटाकडे आम्हा पालघर-तारापूरच्या लोकांनी जरा निरखून बघावे. एक शाळकरी मुलगा सुपरमॅनला पत्र लिहितो की, जगातली अण्वस्त्रे तू नष्ट कर. सुपरमॅन सगळी क्षेपणास्त्रे जाळ्यात गोळा करून सूर्यावर भिरकावतो. चेर्नोबिलचा अपघात आदल्याच वर्षी, १९८६ मध्ये झालेला. अणू हा शब्द आमच्याकडे काही पडद्यावरून आलेला नाही. एडवणहून उत्तरेला, केळवे-माहीम ओलांडून किनाऱ्याने पुढे गेले की तारापूरचे अणुवीज केंद्र लागते. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे, आणि त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी कंपनीने उभारल्या. पुढे तिसरी आणि चौथी भट्टी आली तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. कॉमिकमधल्या पीटर पार्करला किरणोत्सारी कोळी चावला आणि तो स्पायडरमॅन झाला. आमच्याकडे अणू आला तेव्हा कोणी भिंतीवर चढू लागले नाही. लोकांना आपली घरे आणि बागायती सोडाव्या लागल्या. वीज आणि शस्त्र या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हालाही कळते. पण त्या पोराने विचारलेला प्रश्न समजून घ्यायला या किनाऱ्याइतका लायक प्रेक्षक जगात थोडाच असेल.

त्या मोठ्या प्रश्नाचे काय झाले? निर्मात्या कंपनीने ठरलेला खर्च जवळजवळ निम्म्यावर आणला. न्यूयॉर्कचे दृश्य इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावात उरकले. उडण्याचे एकच दृश्य पुन्हा पुन्हा वापरले. आणि हे सगळे भव्य असल्याचा आव मात्र कायम ठेवला. आमच्या मते चित्रपट पडला तो या आवामुळे, गरिबीमुळे नव्हे. आणि याचा पुरावा आमच्याच महाराष्ट्रात, मालेगावात आहे.

मालेगाव यंत्रमागांचे गाव. शुक्रवारी माग बंद आणि सिनेमाची थिएटरे भरलेली. तिथल्या शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला आणि पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. नायक शफीक, यंत्रमाग कामगार, अंगाने काडी. हिरव्या पडद्यासमोर त्याला उडवले. चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडला. याच धडपडीवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि तो देशोदेशी पाहिला गेला. शफीक पुढे कर्करोगाने गेला. त्याची आणि नासिर यांची कहाणी २०२५ मध्ये रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’मधून पुन्हा पडद्यावर आली. हॉलिवूडच्या चौथ्या सुपरमॅनपुढे मालेगावचा खर्च म्हणजे चहापाण्याचा खर्च. तरी मालेगावच्या माणसाला फसवले गेल्यासारखे वाटले नाही. कारण नासिर यांनी फाटके होते ते फाटकेच दाखवले आणि त्यावर स्वतः हसले. पैशाने माणूस गरीब असला तरी शब्दाला पक्का राहू शकतो. आमच्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत याची उदाहरणे सापडतील.

आता पैशाने तुडुंब असलेल्यांचे बघा. १९९७ चा ‘बॅटमॅन अँड रॉबिन’. खेळणी खपली पाहिजेत, या हिशोबाने त्यातली वाहने आणि पोशाख ठरले. दिग्दर्शक जोएल शूमाकर यांनी पुढे निराश झालेल्या चाहत्यांची जाहीर माफी मागितली. २००७ चा ‘स्पायडरमॅन ३’ आपल्याकडे हिंदी, तमिळ, तेलुगूबरोबर भोजपुरीतही आला. त्यात व्हेनम हा खलनायक निर्मात्यांच्या आग्रहाने कोंबला गेला, आणि दिग्दर्शक सॅम रेमी यांनीही पुढे त्या चित्रपटाबद्दल नापसंती बोलून दाखवली. दोन्ही चित्रपटांत कारागीर नाखूश आणि दुकानदार खूश. मात्र एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. या चित्रपटांनी लोकांची निराशा केली म्हणून बॅटमॅन किंवा सुपरमॅन ही पात्रे कोणी गाडून टाकली नाहीत. बॅटमॅन २००५ मध्ये नवे कपडे घालून आला. सुपरमॅन २००६ मध्ये आला, २०१३ मध्ये आला, २०२५ मध्येही आला. गोऱ्या, ख्रिस्ती वळणाच्या पुरुषांवर लोकांचा भरवसा उरलेला नाही, असा निष्कर्ष कोणत्याही शहाण्याने काढला नाही. चूक चित्रपटाची मानली गेली. नायकाला पुन्हा संधी मिळाली.

आणि आता कमला खानकडे वळू.

अमेरिकेतल्या जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी मुसलमान घरातली ही शाळकरी पोर. २०१४ मध्ये तिच्या नावाचे कॉमिक निघाले. त्यामागे संपादक सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन, दोघी मुसलमान स्त्रिया. २०२२ मध्ये तिच्यावर ‘मिस मार्व्हल’ ही मालिका आली. आम्ही ती बघितली आणि चकित झालो. दाढीवाला अतिरेकी नाही, बुरख्यात रडणारी बाई नाही. आईवडिलांशी हुज्जत घालणारी, ईदच्या मेळ्यात हुंदडणारी मुलगी आहे. तिची हिजाब घालणारी मैत्रीण नाकिया मशिदीतल्या बायकांच्या बाजूच्या दुरवस्थेवर बोट ठेवते आणि मशिदीच्या मंडळाची निवडणूक लढवते. आमच्या परिषदांतून, परिसंवादांतून आम्ही जे वर्षानुवर्षे घसा फोडून सांगतो, ते एका सुपरहिरोच्या मालिकेत हसतखेळत आले. तिची शक्ती नानीने कराचीहून पाठवलेल्या बांगडीतून जागी होते. ती बांगडी फाळणीतून आलेली आहे. १९४७ च्या रेल्वे फलाटावर गर्दीत हरवलेल्या लहान पोरीला बापापर्यंत पोचवण्याची गोष्ट त्या बांगडीशी बांधलेली आहे. आमच्या कितीतरी घरांत असा एखादा दागिना, एखादा डबा, एखादे जुने पत्र असते आणि त्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही. पडद्याने पहिल्यांदा त्याला शक्ती म्हटले.

हा होता पहिल्या भागाचा शब्द. पुढचा भाग म्हणजे नोव्हेंबर २०२३ मधला ‘द मार्व्हल्स’. यात त्या बांगडीचे काय झाले? ती अंतराळातल्या कोणा परक्या जमातीचे यंत्र ठरली. तिची जोडीची बांगडी खलनायिकेच्या हाती, आणि तिच्या जोरावर ती ग्रहांची हवा, पाणी आणि सूर्य चोरू लागते. फाळणी गेली, मशीद गेली, नाकिया गेली. अम्मी-अब्बू आहेत, पण घर मोडताना किंचाळायला आणि लोकांना हसवायला. कमला दोन मोठ्या नायिकांच्या मागे टाळ्या पिटत धावते. पावणेदोन तासांत तीन नायिका, एक नाचगाण्याचा ग्रह आणि मांजरींचा कळप उरकायचा, तर एका मुसलमान घराला वेळ कुठून मिळणार? इमान वेलानी या अभिनेत्रीने जीव ओतून काम केले. दोष तिचा नाही. दोष त्यांचा, ज्यांनी पोरीला दाराशी बोलावले आणि तिची गोष्ट उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगितली.

चित्रपट पडला. मार्व्हलच्या या मालिकेतल्या चित्रपटांत सर्वांत कमी कमाई त्याची झाली. आणि मग ती झुंड पुढे आली, जिने २०२२ मध्ये मालिका सुरू होताच न बघताच इंटरनेटवर एकेक तारा देऊन तिला पाडण्याचा प्रयत्न केला होता. पाहिलेत, ती म्हणाली, मुसलमान पोर चालत नाही! बायका चालत नाहीत! चौथा सुपरमॅन पडला तेव्हा चूक चित्रपटाची होती. ‘द मार्व्हल्स’ पडला तेव्हा चूक कमलाची झाली.

आमच्या वाचकांना हा न्याय ओळखीचा वाटेल. वर्गातला दुसरा कोणी नापास झाला तर तो एकटा नापास होतो. आमचा मुलगा नापास झाला की सगळी जमात नापास होते. दुसऱ्याच्या दुकानात माप कमी भरले तर तो दुकानदार लबाड. आमच्या दुकानात भरले तर ‘हे लोक असेच’. पुढच्या भागाच्या दग्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हे आमचे खरे म्हणणे आहे. शब्द मोडतात कंपन्यांच्या दालनांत बसलेले लोक. बॅटमॅनला त्याचा भुर्दंड बसत नाही. तो बसतो कमलाला, आणि तिच्यात स्वतःला पाहणाऱ्या आमच्या मुलींना.

म्हणून दोन गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत. पहिली, त्या झुंडीशी आमचे काही नाते नाही. ती कमलावर चिडली कारण कमला पडद्यावर आलीच कशी. आम्ही चिडलो कारण आल्यावर तिला बोलू दिले नाही. पण झुंडीच्या भीतीने आपल्या पात्राचा वाईट चित्रपटही चांगला म्हणायचा, ही लाचारी आम्हाला मान्य नाही. आपला म्हणून झाकायचे, ही सवय आमच्या समाजाने पुष्कळ जोपासली आणि तिचे परिणामही भोगले. दुसरी, ‘अहो, पोरांचाच तर सिनेमा’ हा बचाव आम्ही फेटाळतो. मोठ्या माणसाला दिलेला शब्द मोडला तर तो कोर्टात जाईल. पोर कुठे जाणार? म्हणून पोराला दिलेला शब्द अधिक जपायचा असतो. आमच्या घरांत निदान शिकवण तरी अशीच आहे.

मग करायचे काय? पहिल्या शुक्रवारी डोळे मिटून तिकीट काढू नये. आठ दिवस थांबावे, पाहून आलेल्यांना विचारावे, मग एडवणहून एस.टी. धरावी. दास्तानगोपुढचा श्रोता उठून जात असे. आमच्या हाती ताकद आहे ती एवढीच, न जाण्याची. आणि पाहून आल्यावर मुलांशी बोलावे. तुला काय खटकले, तू काय केले असतेस, हे विचारावे. मुले जी उत्तरे देतात ती कित्येकदा पटकथेपेक्षा सरस असतात.

मराठीचेही बघा. भोजपुरीला २००७ मध्ये मान मिळाला. ‘स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडरव्हर्स’ २०२३ मध्ये दहा भारतीय आवृत्त्यांत आला, त्यात मराठी होती. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिळून ‘मुंबॅटन’ नावाचे शहर आहे. ती गोष्ट ऐन रंगात ‘पुढे चालू’ म्हणून तोडली, पुढच्या भागासाठी मार्च २०२४ ची तारीख दिली आणि ती पाळली नाही. तरीही सुपरहिरो मराठी बोलू शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. मग तो आमची मराठी का बोलू नये? पालघर-बोईसर-तारापूरच्या मोहल्ल्यांतली, नमाजही जाणणारी आणि नारळी पौर्णिमाही जाणणारी मराठी?

कमला खान मुळात कोण होती, हे विसरू नये. शक्ती मिळण्यापूर्वी ती एक चाहती होती. आवडत्या नायिकेची चित्रे काढायची, तिच्या गोष्टी स्वतःच्या मनाने रचायची. तिला घडवणाऱ्यांना हे कळले होते की चाहता म्हणजे नुसते गिऱ्हाईक नव्हे. गोष्ट पुढे नेणारा दुसरा हात आहे. मालेगावच्या नासिर यांनी तोच हात वापरला. एडवणच्या, बोईसरच्या, तारापूरच्या मुलामुलींनीही तो वापरावा. जिथे यांनी शब्द मोडला तिथून गोष्ट उचलावी आणि वहीत लिहायला घ्यावी. नानीची बांगडी नानीला परत द्यावी. ख्रिश्चनच्या बहिणीचे पुढे काय झाले ते सांगावे. अक्करपट्टीच्या पोराला सुपरमॅनला पत्र लिहू द्यावे. असे लिखाण कच्चे असेल, फाटके असेल, पण शब्दाला पक्के असेल. आणि ते येईल तेव्हा त्यासाठी अशा वार्षिकांत पाने राखून ठेवण्याची जबाबदारी आमची, लिहित्या मंडळींची आहे. ती आम्ही टाळली, तर पुढचा दगा आमच्या नावावर लिहिला जाईल.